लाल टोपीवाला कुस्तो

स्कूबा डायव्हिंग म्हटलं की आपल्याकडे पटकन मालवण-तारकर्ली आठवतं. पाठीवर सिलिंडर, तोंडात रबरी माउथपीस, आणि मग पुढचं वर्षभर पुरतील इतके फोटो. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या मुलींचे डीपी त्याच पाण्यातले आहेत. तो माउथपीस ज्या व्हॉल्व्हला जोडलेला असतो, त्याचा पूर्वज १९४३ साली फ्रान्समध्ये तयार झाला. गंमत म्हणजे ज्या माणसाच्या हट्टापायी तो झाला, त्याला मुळात व्हॉल्व्ह नकोच होता. त्याला पाण्याखाली सिनेमा काढायचा होता आणि श्वास पुरत नव्हता, एवढंच!

त्याचं नाव जाक-ईव्ह कुस्तो. आपल्या फिल्म क्लबनं गेल्या सेमिस्टरला त्याचा १९५६ चा ‘द सायलेंट वर्ल्ड’ दाखवला. पहिली पंधरा मिनिटं मी अक्षरशः खुर्चीच्या टोकावर बसून पाहिली. मग एक प्रसंग आला आणि माझ्या शेजारची मुलगी उठून बाहेर गेली. तो प्रसंग पुढे सांगते. पण तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जाईना. तो आवडावा की आवडू नये, हेच ठरेना. लायब्ररी पालथी घातली, त्याचे आणखी सिनेमे मिळवून पाहिले. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत एवढं सलग लिहायची ही माझी पहिलीच वेळ आहे, तेव्हा मंडळी, सांभाळून घ्या.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा, बोर्दो शहराजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युबझाक या गावातला. वडील श्रीमंत अमेरिकन माणसांचे सेक्रेटरी, त्यामुळे घर सतत फिरतीवर. काही काळ न्यूयॉर्कमध्येही गेला. मुलगा तब्येतीनं किडकिडीत, पण पाण्याचं भारी वेड. तेराव्या वर्षी त्यानं एक मूव्ही कॅमेरा घेतला आणि सगळ्यात आधी तो उघडून सगळे पार्ट सुटे केले. पुन्हा जोडलाही. आपल्या मेकॅनिकलमध्ये असे नमुने दर बॅचला दोन-तीन असतातच. शाळेत मात्र लक्ष नव्हतं. खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून शाळेनं काढून टाकलं, आणि घरच्यांनी एका कडक बोर्डिंगात नेऊन घातलं. तिथे तो सुधारला म्हणे. होस्टेलमुळे माणूस सुधारल्याचं एवढं एकच उदाहरण मला सापडलं आहे, रेक्टर मॅडमनी नोंद घ्यावी!

१९३० मध्ये तो ब्रेस्टच्या नौदल अकादमीत गेला. व्हायचं होतं पायलट. पण १९३६ मध्ये वडिलांची स्पोर्ट्स कार चालवताना भीषण अपघात झाला आणि दोन्ही हात मोडले. एक हात कापावा लागेल इथपर्यंत गोष्ट गेली होती. हात वाचला, पण विमान गेलं. तुलाँ बंदरावर बदली झाल्यावर फिलिप ताय्ये नावाच्या सहकाऱ्यानं त्याला हाताला व्यायाम म्हणून समुद्रात पोहायला लावलं आणि पाण्यात घालायचा चष्मा दिला. त्या चष्म्यातून कुस्तोनं डोकं पाण्याखाली घातलं आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. वर ट्रामचे खांब, रस्ता, माणसं. आणि काचेच्या खाली अर्ध्या फुटावर वेगळंच जग. पुढे फ्रेडरिक द्युमा हा तिसरा मित्र येऊन मिळाला आणि या त्रिकुटानं मासे मारायचा सपाटा लावला. हो, मासे मारायचा. सुरुवात भाल्यानंच झाली.

पाण्याखाली कॅमेरा नेणारा कुस्तो पहिला नव्हे, हे इथेच सांगायला हवं. १८९३ मध्ये लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं पाण्याखाली फोटो काढले होते. १९१४ मध्ये अमेरिकेच्या जॉन अर्नेस्ट विल्यमसननं बहामामध्ये बोटीखाली एक लोखंडी गोळा सोडला, त्यात बसून काचेतून शूटिंग केलं. ऑस्ट्रियाचा हान्स हास तर कुस्तोच्याच काळात तेच काम करत होता, आणि माझ्या मते त्याला जेवढं श्रेय मिळायला हवं तेवढं कधीच मिळालं नाही. पण विल्यमसनचा कॅमेरा काचेमागे बसून होता, तो माशाच्या मागे जाऊ शकत नव्हता. कुस्तोला तेच हवं होतं.

पहिला सिनेमा १९४२ चा, नाव ‘अठरा मीटर खोलीवर’. युद्ध चालू, फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली, सिनेमाची फिल्म मिळेना. मग साध्या फोटोच्या कॅमेऱ्याचे छोटे छोटे रोल आणून, अंधारात पांघरुणाखाली बसून ते एकमेकांना जोडले. जुना मूव्ही कॅमेरा घेतला, नेव्हीतल्या एका मेकॅनिकनं त्याला वॉटरप्रूफ पेटी करून दिली. आणि शूटिंग? श्वास रोखून. म्हणजे बुडी मारायची, अठरा मीटर खाली जायचं, फ्रेम लावायची, शॉट घ्यायचा आणि छाती फुटायच्या आत वर यायचं. वायव्हाला दोन मिनिटं उभं राहताना आपला जीव जातो. हे लोक असे शॉट घेत दिवस काढत होते.

श्वास वाढवायचे उपाय आधी करून झाले होते. शुद्ध ऑक्सिजनचं यंत्र वापरलं, तर जेमतेम पंधरा मीटरच्या आसपास त्याला फिट्स येऊन शुद्ध हरपली. एकदा नाही, दोनदा. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरतो. साधी हवा हवी, आणि ती बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानं हवी. दर दहा मीटरला दाब एका ॲटमॉस्फिअरनं वाढतो. छातीवर बाहेरून दोन ॲटमॉस्फिअर दाब असताना आत एकाच दाबाची हवा ओढता येत नाही, फुफ्फुसं फुगतच नाहीत. ल प्रिएर नावाच्या नौदल अधिकाऱ्याचं सिलिंडरचं यंत्र आधीच होतं, पण त्यात हवा सतत वाहायची आणि नळ हातानं फिरवावा लागायचा. एक हात कायम नळावर, मग कॅमेरा कुठल्या हातानं धरणार?

इथे सासरेबुवा उपयोगी पडले. १९३७ मध्ये कुस्तोनं सिमोन मेल्शिओरशी लग्न केलं होतं. तिचे वडील आधी नेव्हीत आणि नंतर एअर लिक्विड या गॅस कंपनीत वरच्या हुद्द्यावर. त्यांच्या ओळखीनं डिसेंबर १९४२ मध्ये पॅरिसला कंपनीचा इंजिनिअर एमिल गान्याँ भेटला. पेट्रोलचा दुष्काळ असल्यामुळे फ्रान्समधल्या गाड्या तेव्हा गॅसवर चालवत, आणि गान्याँ इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारा छोटासा रेग्युलेटर बनवत होता. आपल्या मेसच्या मागच्या सिलिंडरवर असतो ना, त्याचाच हा चुलतभाऊ समजा. इंजिन ओढेल तसा गॅस मिळतो, तर माणूस ओढेल तशी हवा का मिळू नये? मध्ये एक लवचीक पडदा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला श्वासाची हवा. श्वास घेतला की आतला दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो, तो लिव्हर दाबतो आणि सिलिंडरमधून हवा येते. खोल गेलं की पाणीच पडद्याला जास्त दाबतं, म्हणजे हवाही तेवढ्याच दाबाची मिळते. कसलाही नळ फिरवायला नको. दोन्ही हात मोकळे!

कल्पना अगदीच नवी नव्हती. १८६० च्या दशकात रुकेरॉल आणि देनेरूझ या दोन फ्रेंच माणसांनी असा पडदा बनवला होता. ज्यूल व्हर्ननं आपल्या कादंबरीत त्यांचंच यंत्र वापरलं आहे. पण तेव्हा भरपूर दाब सहन करणारी सिलिंडरं नव्हती, म्हणून ती गोष्ट मागे पडली.

पहिली टेस्ट १९४३ च्या हिवाळ्यात, पॅरिसजवळ मार्न नदीत. आणि ती फसली. आडवं पोहताना छान चालायचं. सरळ उभं राहिलं की हवा भसाभस फुकट जायची, आणि डोकं खाली पाय वर केलं की मिळायचीच नाही. दोघं हिरमुसून परत निघाले आणि वाटेतच कारण सापडलं. उभं राहिल्यावर बाहेर जाणाऱ्या हवेचं तोंड आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हपेक्षा पंधरा सेंटिमीटर वर येत होतं. पंधरा सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण दीड किलोपास्कल. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात आपण हे गणित दोन मार्कांना सोडवतो आणि विसरतो. इथे त्यावर सगळं अडलं होतं. दोन्ही तोंडं एका पातळीवर आणली आणि प्रश्न सुटला. त्या उन्हाळ्यात बांदोलजवळच्या समुद्रात कुस्तो नव्या यंत्रासह उतरला आणि त्यानं उभं, आडवं, उलटं, कोलांट्या मारत, सगळं करून पाहिलं. ॲक्वालंग जन्माला आला. लगेच त्यावर सिनेमाही काढला, बुडालेल्या जहाजांवरचा. तो सिनेमा नेव्हीच्या वरिष्ठांना दाखवूनच युद्धानंतर तुलाँला पाण्याखालच्या संशोधनाचं पथक मंजूर करून घेतलं. प्रोजेक्टला ग्रँट कशी मिळवावी, हे शिकण्यासारखं आहे.

या कामात माणसं मरत होती, हे विसरून चालणार नाही. १९४६ मध्ये वोक्लूजच्या झऱ्यात, डोंगराच्या पोटातल्या काळोख्या पाण्यात कुस्तो आणि द्युमा उतरले आणि दोघांचीही डोकी काम करेनाशी झाली. जेमतेम जिवंत वर आले. कारण खोलीचं नव्हतं. सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरनं स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता, सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड होता! १९४७ मध्ये मोरिस फार्ग हा त्यांचा साथीदार साध्या हवेवर किती खोल जाता येतं हे पाहायला उतरला. दाबाखाली नायट्रोजन दारूसारखा चढतो. दोरीवर ठरावीक अंतरानं पाट्या बांधल्या होत्या, पोचल्याची खूण म्हणून त्यांवर सही करायची. एकशेवीस मीटरच्या पाटीवर फार्गची सही सापडली. तो मात्र मेलेलाच वर आला.

१९५० मध्ये कॅलिप्सो मिळाली. ब्रिटिश नौदलासाठी अमेरिकेत बांधलेलं, सुरुंग काढणारं लाकडी जहाज. नंतर माल्टाजवळ फेरीबोट म्हणून चालायचं. गिनेस घराण्यातल्या एका धनिकानं ते विकत घेऊन कुस्तोला वर्षाला एक फ्रँक भाड्यानं दिलं. डागडुजीसाठी सिमोननं दागिने विकले. जहाजाच्या नाकाशी पाण्याखाली काचांची एक खोली बसवली, तिथे पालथं पडून समुद्र बघायचा. डोक्यावर लाल लोकरी टोप्या आल्या, जुन्या पाणबुड्यांची आठवण म्हणून. पैशांसाठी मिळेल ते काम केलं. १९५४ मध्ये तर अबू धाबीच्या समुद्रात तेल कंपनीसाठी तळाचा सर्व्हे करून दिला. पुढे समुद्राचा रक्षक म्हणून जगभर गाजलेल्या माणसाचा सिनेमा काही अंशी तेलाच्या पैशावर उभा राहिला, हे वाचून मला हसावं की रडावं कळेना.

आता तो सिनेमा. ‘द सायलेंट वर्ल्ड’ कुस्तोनं लुई माल या मुलाबरोबर दिग्दर्शित केला. मुलगा म्हणते कारण माल फिल्म स्कूलमधून थेट जहाजावर आला होता आणि पुरस्कार मिळाला तेव्हा फक्त तेवीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या एमटेकच्या पोरांएवढा. सुरुवातीलाच हातात जळत्या मशाली घेतलेले पाणबुडे निळ्या अंधारात खाली खाली जातात, मागे बुडबुड्यांचे पांढरे दोर. पाण्यात आग! सगळी रूम शांत झाली होती. मग रंग. पाणी प्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, त्यामुळे खोलवर जखमी माशाचं रक्तसुद्धा हिरवं दिसतं. कुस्तोच्या माणसांनी जहाजावरून केबल टाकून मोठमोठे दिवे खाली नेले, आणि जिथे कायम निळा-करडा काळोख होता तिथे लालभडक प्रवाळ उजळून निघालं. तो लाल रंग त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, माशांनासुद्धा! एमआयटीचे प्रोफेसर हॅरल्ड एजर्टन, स्ट्रोब फ्लॅशवाले, आपले कॅमेरे घेऊन कॅलिप्सोवर येत. जहाजावर त्यांचं नाव पापा फ्लॅश पडलं होतं.

१९५६ मध्ये या सिनेमाला कानचा सर्वोच्च पुरस्कार, पाल्म द’ऑर, मिळाला. त्याच महोत्सवात आपल्या ‘पथेर पांचाली’लाही खास पुरस्कार मिळाला होता. पुन्हा एखाद्या डॉक्युमेंटरीला तो सर्वोच्च मान मिळायला २००४ साल उजाडलं. वर ऑस्करही मिळालं.

आणि आता तो प्रसंग. हिंदी महासागरात कॅलिप्सो स्पर्म व्हेलच्या कळपात शिरते. एक पिल्लू जहाजाच्या पंख्यात सापडून चिरलं जातं. ते वाचणार नाही म्हणून त्याला गोळी घालतात. रक्ताच्या वासानं शार्क जमतात आणि पिल्लाचे लचके तोडू लागतात. मग जहाजावरची माणसं चवताळतात. शार्कना आकड्यांनी वर ओढून डेकवर कुऱ्हाडींनी, मिळेल त्यानं मारतात. सूड म्हणून. ज्या पिल्लाला स्वतःच्याच जहाजानं मारलं, त्याचा सूड! त्याच सिनेमात एका प्रवाळावर डायनामाइट लावतात, का तर तिथे माशांच्या जाती किती आहेत ते मोजायला. मेलेले मासे ओळीनं मांडून दाखवतात. आणि मच्छीमारांनी डायनामाइट वापरणं वाईट, हेही सांगतात.

माझी शेजारीण उठली ती इथेच. बाहेर कॉरिडॉरमध्ये नंतर दीड तास वाद झाला. एकीचं म्हणणं, त्या काळात सगळेच तसे होते. दुसरीचं म्हणणं, ज्याला समुद्र एवढा जवळून दिसला त्याला तरी कळायला हवं होतं. मला दुसरीचं पटतं. पण एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा खटकत राहते: हे सगळं त्यानं सिनेमात ठेवलं. एडिटिंग टेबलावर कात्री हातात असताना कापलं नाही. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही, म्हणून ठेवलं. आज त्यामुळेच आपल्याला १९५५ च्या आसपासचा माणूस समुद्राशी कसा वागायचा ते जसंच्या तसं दिसतं.

बदल झाला, पण हळूहळू. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकायच्या योजनेविरुद्ध तो उघडपणे उभा राहिला आणि योजना थांबली. त्यानंतरही तो माणसानं समुद्राच्या तळाशी घरं बांधावीत अशी स्वप्नं बघतच होता. १९६३ मध्ये सुदानजवळ तांबड्या समुद्रात दहा मीटर खाली त्याची माणसं महिनाभर राहिली. त्यावरच्या सिनेमाला पुन्हा ऑस्कर. १९६८ पासून टीव्ही सिरीज सुरू झाली आणि लाल टोपी घरोघरी पोचली. तिच्यातही प्राणी पकडून जहाजावर ठेवण्याचे प्रकार आहेतच. पण आपण ज्या ठिकाणी तीस वर्षांपूर्वी शूटिंग केलं तिथे आता काहीच उरलेलं नाही, हे स्वतःच्या जुन्या रिळांशी ताडून बघता येणारी माणसं जगात फार थोडी होती. कुस्तो त्यांपैकी एक. १९७३ मध्ये त्यानं संस्था काढली, आणि १९९० च्या सुमारास अंटार्क्टिकात खाणी नकोत म्हणून सह्या गोळा करत म्हातारपणी देशोदेशी हिंडला. १९९१ मध्ये खाणबंदीचा करार झाला.

घरची गोष्ट तेवढी उजळ नाही. धाकटा मुलगा फिलिप हा त्याचा खरा वारस, उत्तम कॅमेरामन. १९७९ मध्ये लिस्बनजवळ सी-प्लेन कोसळून गेला. सिमोन नवऱ्यापेक्षाही जास्त दिवस कॅलिप्सोवर राहिली, पण कॅमेऱ्यासमोर येणं टाळत राहिली. एवढ्या सिनेमांत तिला शोधत बसावं लागतं. १९९० मध्ये ती गेली. पुढच्याच वर्षी कुस्तोनं फ्रान्सिनशी लग्न केलं, जिच्यापासून त्याला आधीच दोन मुलं होती. थोरल्या मुलाशी तर आडनावाच्या वापरावरून कोर्टापर्यंत गेलं. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जनं धडक दिली आणि कॅलिप्सो बुडाली. २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये कुस्तो गेला. पुरलं गावच्याच स्मशानभूमीत, जिथून समुद्र दिसत नाही.

आज फोनएवढा कॅमेरा त्याच्यापेक्षा स्वच्छ चित्र देतो. तरी त्याचे जुने सिनेमे बघताना वेगळं वाटतं, कारण पुढच्या वळणावर काय दिसेल हे कॅमेरा धरणाऱ्यालाही माहीत नव्हतं, आणि ते जाणवतं. ‘द सायलेंट वर्ल्ड’मध्येच जोजो नावाचा एक भला मोठा मासा आहे, ग्रूपर जातीचा, सेशेल्सजवळच्या असम्प्शन बेटाचा. पाणबुडे त्याला मांसाचे तुकडे खाऊ घालतात. मग तो त्यांचा पिच्छाच सोडत नाही. हातातली पिशवी हिसकावतो, दुसऱ्या माशांच्या शॉटमध्ये घुसतो, लेन्ससमोर येऊन उभा राहतो. शेवटी शूटिंग होईना म्हणून त्याला शार्कपासून वाचायच्या पिंजऱ्यात कोंडतात. बाहेर इतर माशांना खायला घालायचं काम चालू, आणि जोजो गजांतून बघतोय.